पुढे घडणाऱ्या गोष्टींसाठी इंग्रजी शब्द

‘एक्स्पेक्ट’ म्हणजे ‘अपेक्षा करणे’ एवढे फळ्यावर लिहिले की पुष्कळदा पुढचा धडा सुरू होतो. वस्तुतः पुढे घडणाऱ्या गोष्टींसाठी इंग्रजीत अनेक शब्द आहेत. त्यांतील भेद शिक्षकाच्या मनात स्पष्ट नसेल, तर मुलांच्या लेखनात अर्थाचा अनर्थ होतो.

मराठीतील ‘अपेक्षा’ या शब्दास बहुधा इच्छेची छटा असते. महापुराची अपेक्षा कोणी करीत नाही. ‘एक्स्पेक्ट’च्या लॅटिन मुळाचा अर्थ ‘वाटेकडे नजर लावणे’ असा आहे. त्यात सकारण अंदाज असतो, इच्छा असेलच असे नाही. म्हणून पूर ‘एक्स्पेक्टेड’ असू शकतो. पण त्या जागी ‘होप’ लिहिले, की पूर यावा अशी इच्छाच प्रकट होते.

‘ड्यू’ शब्दाच्या मुळाशी ‘देणे लागणे’ हा अर्थ आहे. ठरल्याप्रमाणे जे व्हावयाचे, ते ‘ड्यू’. आगगाडी ८ वाजता ‘ड्यू’ असते. उशीर झाल्यास ती ९ वाजता ‘एक्स्पेक्टेड’ होते. ‘अँटिसिपेट’ म्हणजे मुळात ‘आधीच हाती घेणे’. आज तो पुष्कळदा ‘एक्स्पेक्ट’च्याच अर्थाने येतो, तथापि काटेकोर लेखनात अंदाज बांधून केलेली पूर्वतयारी त्यातून सूचित होते. लवकरच निघणाऱ्या पुस्तकास ‘फोर्थकमिंग’ म्हणतात.

‘लाइक्ली’ हा शब्द संभव दाखवितो. आयपीसीसी या आंतरराष्ट्रीय हवामान-मंडळाच्या अहवालांत ‘लाइक्ली’ म्हणजे किमान ६६ टक्के, तर ‘व्हेरी लाइक्ली’ म्हणजे किमान ९० टक्के संभव, असे ठरलेले आहे. ‘इमिनंट’चे मूळ ‘डोक्यावर झुकलेले असणे’ हे होय. पूर ‘लाइक्ली’ असेल तेव्हा सावध राहावे. ‘इमिनंट’ असेल तेव्हा विचार करीत बसण्यास वेळ उरलेला नसतो. गावात आलेली इंग्रजी सूचना उद्या याच मुलांना वाचून दाखवावी लागेल, हे ध्यानी घेतले म्हणजे या भेदाचे मोल कळते.

वर्गात शब्दांची यादी पाठ करून घेऊ नये. पाऊस, आगगाडी, परीक्षा, पाहुणे असे प्रसंग द्यावेत आणि प्रत्येक वेळी तीन प्रश्न विचारावेत : हे ठरलेले आहे काय? किती संभवनीय आहे? ते घडावे असे आपणांस वाटते काय? उत्तरे मराठीत नीट आली, की योग्य इंग्रजी शब्द निवडणे मुलांस अवघड जात नाही.