कंत्राटी तुरुंग, भरपाई कोणाकडे?
न्यूयॉर्क, 1994. सुटका जवळ आलेल्या कैद्यांसाठी केंद्र सरकारच्या कंत्राटावर चालणारं खासगी वसतिगृह. हृदयविकार असलेल्या कैद्याला लिफ्टची मुभा होती. तरीही कर्मचाऱ्याने त्याला पाचव्या मजल्यावरच्या खोलीकडे जिन्याने पिटाळलं. झटका येऊन तो कोसळला, कानाला मार बसला. 2001 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 5 विरुद्ध 4 मतांनी निकाल दिला: घटनात्मक हक्कभंगाची भरपाई कंपनीकडून मागता येणार नाही. 2012 मध्ये केंद्राच्या कंत्राटी तुरुंगांतले कर्मचारीही अशा दाव्यांतून बहुतांशी सुटले. कैद्याच्या हाती उरला राज्याच्या कायद्याखालचा निष्काळजीपणाचा दावा. कंत्राट कोणाचं, यावर हक्क ठरावा हे अन्यायाचंच. कारण राज्यांच्या खासगी तुरुंगांतल्या पहारेकऱ्यांना अशा दाव्यांपासून सरकारी अधिकाऱ्यांसारखं कायदेशीर कवच नाही, हे त्याच न्यायालयाने 1997 मध्ये सांगितलं होतं.