धूर काळा की पांढरा?

मराठीच्या प्राध्यापकाने डिझेलच्या ट्रकवर लेख लिहावा, हे वाचकांना थोडे चमत्कारिक वाटेल. आमच्या घरी तर या विषयाचे नाव काढताच हशा पिकला. मिक्सरचे भांडे मला अजून एका फटक्यात बसवता येत नाही. पण 2012 सालच्या जूनमध्ये अख्खा एक दिवस मी ट्रकच्या केबिनमध्ये काढला आणि त्या दिवशी जे शिकलो, ते मला कोणत्याही ग्रंथालयात मिळाले नसते.

त्या वर्षी माझी सांगलीहून सातारला बदली झाली होती. सामान म्हणावे तर एक कपाट, शिलाईचे यंत्र, चार भांडी आणि चौदा खोकी पुस्तके. एवढ्यासाठी स्वतंत्र गाडी कोण करतो? मुंबईकडे हळद घेऊन निघालेल्या एका ट्रकमध्ये मागच्या बाजूला जागा मिळाली. पत्नी आणि मुलगी एस.टी.ने पुढे गेल्या, आणि पुस्तकांचा राखणदार म्हणून मी ड्रायव्हरशेजारी बसलो. ड्रायव्हर पन्नाशीचे. सगळे त्यांना मामा म्हणत, मीही म्हणू लागलो. गाडी त्यांच्याच मालकीची. म्हणजे निम्मी त्यांची आणि निम्मी पतपेढीची.

पेठ नाक्याला आम्ही महामार्गाला लागलो. कराडपर्यंत मामा गप्पा मारीत होते. उंब्रज मागे पडले, रस्त्याने किंचित चढ धरला आणि गाडीचा आवाज बसला. मामांनी एक गिअर खाली घेतला, मग आणखी एक. शेवटी धापा टाकणाऱ्या बैलासारखी ती कडेला येऊन उभी राहिली. मामांनी कपाळाला हात लावला.

"सर, आताच पंप उतरवून केला हिचा. बावीस हजार घातल्यात. बायकोच्या पाटल्या ठेवल्या गहाण."

डिझेल पंपाचे ते काम त्यांनी महिन्यापूर्वी एका मोठ्या वर्कशॉपमध्ये करून घेतले होते. रिकामी गाडी छान पळे, म्हणून आजार गेला असे त्यांनी धरले. आज पहिल्यांदाच पूर्ण वजन भरले होते आणि हळद दुसऱ्या दिवशी सकाळी वाशीच्या बाजारात पोचायची होती.

किन्नर पोरगा मोटारसायकलवाल्याच्या मागे बसून मिस्त्रीला घेऊन आला. मिस्त्री किरकोळ अंगाचे, खांद्यावर काळा पडलेला पंचा. त्यांनी बॉनेटला हातसुद्धा लावला नाही. आधी प्रश्न विचारला, "चढाला बसली तवा धूर कसला होता? काळा का पांढरा?"

"धूरच न्हवता," मामा म्हणाले.

"मग पंपाला कशाला शिव्या देता?"

हा संवाद मला कळला नाही. मिस्त्रींनी नंतर तो मला एखाद्या विद्यार्थ्याला समजवावा तसा समजावून दिला. पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी लागते. डिझेलला काडी लावावी लागत नाही. सायकलमध्ये हवा भरताना पंपाचे तोंड गरम होते, हे आपण लहानपणी अनुभवलेले असते. डिझेल इंजिनात हवा अशीच दाबतात, पण मूळ जागेच्या सोळाव्या-अठराव्या हिश्शात. ती इतकी तापते, पाचशे अंशांच्याही वर, की नोझलमधून डिझेलचा फवारा आत शिरताक्षणी आपोआप पेटतो. रुडॉल्फ डिझेल या जर्मन इंजिनिअरने 1897 साली हे इंजिन यशस्वीपणे चालवून दाखवले. (बिचारा 1913 साली अँटवर्पहून इंग्लंडला जाताना बोटीवरून रात्रीतून नाहीसा झाला.)

आता हवा भरपूर आणि फवारा बारीक, तर सगळे आलबेल. आमच्या आईचा रॉकेलचा स्टोव्ह मला आठवला. बर्नर चोंदला की ज्योत पिवळी होई आणि पातेल्याची बुडे काळी पडत. ट्रकचा काळा धूर याच जातीचा. डिझेल जास्त, हवा कमी. एअर फिल्टर धुळीने भरला, नोझल फवारण्याऐवजी गळू लागले, किंवा दहा टनांच्या गाडीत पंधरा टन घातले, की तो दिसतो. निळसर धूर निघाला तर इंजिन ऑइल जळते आहे असे समजावे. पिस्टनच्या रिंगा झिजलेल्या असतात. पांढरा धूर म्हणजे डिझेल न पेटताच बाहेर पडते आहे. थंडीच्या सकाळी थोडा वेळ तो येतो, त्याचे काही नाही. पण गाडी तापल्यावरही येत राहिला आणि रेडिएटरचे पाणी कमी होत असेल, तर हेड गॅस्केट गेले आणि पाणी सिलिंडरमध्ये शिरले, अशी शंका घ्यावी. असा आजार अनेकदा आपल्याच घाईचा असतो. रेडिएटर चोंदलेला किंवा पंख्याचा पट्टा सैल, गाडी उकळते, घाबरून कोणी तापल्या इंजिनात थंड पाणी ओततो आणि हेडला तडा जातो. तापलेल्या काचेच्या कपात गार पाणी ओतल्यावर काय होते, हे प्रत्येक गृहिणीला ठाऊक आहे.

आणि धूर मुळीच नसेल, तरी गाडी ओढत नसेल तर? तर तिला डिझेलच पुरत नाही. पोटात अन्न नाही, मग ढेकर कुठून येणार?

मिस्त्रींनी फिल्टरवरचा एक स्क्रू सैल केला आणि हातपंप मारला. डिझेलबरोबर फेस आला, साबणाच्या पाण्यासारखा. "हवा धरतीया," ते म्हणाले. पुढे त्यांनी जे केले त्याला मी मनातल्या मनात शास्त्रीय प्रयोग असेच नाव दिले. टाकीकडून येणारा पाइप त्यांनी सोडला, डिझेलचा पाच लिटरचा डबा इंजिनाशेजारी टांगला आणि त्यात दुसऱ्या नळीचे टोक बुडवून गाडी सुरू करायला लावली. पुन्हा स्क्रू सैल केला. फेस नाही. स्वच्छ, सलग धार. म्हणजे पंप निर्दोष, फिल्टर निर्दोष. चोर टाकी आणि इंजिन यांच्यामध्येच कुठेतरी.

मग ते गाडीखाली आडवे झाले आणि बोटांनी पाइप चाचपत गेले. चासीला घासून एका ठिकाणी रबराला केसाएवढी चीर पडली होती. खाली डिझेलचा एक थेंबही नव्हता. मी विचारले, "गळती नाही, मग चीर आहे हे कसे?" मिस्त्री हसले. तिथे इंजिन डिझेल ओढून घेते. म्हणून आतले बाहेर येत नाही, बाहेरची हवा आत जाते. रिकाम्या गाडीला थोडे डिझेल लागते, तेव्हा ओढ कमी आणि हवाही कमी. वजन घेऊन चढ लागला की ओढ वाढते आणि चीर उघडते. वर्कशॉपमध्ये पंप उतरवून यंत्रावर तपासला असेल, पण हा पाइप तपासणीच्या टेबलावर गेलाच नव्हता.

नवा पाइप 180 रुपयांना आला. मिस्त्रींनी मजुरीचे शंभर घेतले. गाडी गुरगुरत उभी राहिली, पण मामांच्या चेहऱ्यावर आनंद दिसेना. ते रस्त्याकडेच्या दगडावर बसून तो कापलेला तुकडा बोटांत वाकवून चीर उघडत होते, मिटत होते.

पुढच्या प्रवासात मामांपेक्षा मीच जास्त बोललो. पलूसजवळच्या किर्लोस्करवाडीतून 1920 साली निघालेल्या 'किर्लोस्कर खबर'विषयी मी वर्गात तासभर बोलतो. पण त्याच घराण्याने 1946 साली पुण्यात ऑइल इंजिनांचा कारखाना काढला, हे मी मुलांना कधी सांगितले नव्हते. सातारलाही सर धनजीशा कूपर यांच्या कारखान्यात स्वातंत्र्यापूर्वीपासून डिझेल इंजिने होत होती. हेच कूपर 1937 साली काही महिने मुंबई इलाख्याचे पंतप्रधान होते. मामांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, "इंजिन काय सर, कुनीबी करंल. ब्रेक महत्त्वाचा."

मग ते उतारावर बोलू लागले. थोडे डिझेल वाचावे म्हणून काही जण उतारावर गाडी न्यूट्रल करतात, कोणी तर इंजिनच बंद करतो. तसे केले की गाडीला आवरून धरणारे इंजिन सुटते आणि सगळा भार ब्रेकवर येतो. ड्रम तापतात, लायनर जळका वास सोडतो, पायाखाली ब्रेक आहे पण पकड नाही. शिवाय ट्रकचे ब्रेक हवेच्या दाबावर चालतात, आणि ती हवा भरणारा कॉम्प्रेसर इंजिनावर फिरतो. इंजिन बंद, की चार-सहा वेळा पाय मारल्यावर हवा संपलीच. ज्या गिअरमध्ये घाट चढायचा त्याच गिअरमध्ये उतरायचा, असा मामांचा नेम होता. पुढे 20 नोव्हेंबर 2022 च्या रात्री पुण्यात नवले पुलाजवळच्या उतारावर एका ट्रकने कितीतरी मोटारी चिरडल्या आणि चालकाने उतारावर इंजिन बंद केल्याचे तपासात निघाल्याची बातमी आली, तेव्हा मला मामांचा तो नेम आठवला.

आता गाड्या बदलल्या आहेत. एप्रिल 2020 पासून बी.एस. सहा नियम लागू झाले. धूर गाळून घेणारी जाळी आली, युरियाच्या द्रावणाची वेगळी टाकी आली. ती रिकामी ठेवली तर गाडी स्वतःच आपली ताकद कमी करून घेते. पूर्वी नोझलचा दाब हवेच्या दोनशे पट असे, तो आता दीड हजार पटींच्या पुढे गेला आहे. एवढ्या दाबाच्या नोझलला डिझेलमधले पाणी किंवा कचरा अजिबात सोसत नाही. बिघाड कोणता ते संगणक सांगतो. पण चासीला पाइप घासायचा तो घासतोच.

संध्याकाळी अजिंक्यतारा दिसू लागला. सामान उतरवून झाले, चहा झाला. मामा निघेनात. शेवटी खिशातून रबराचा तुकडा काढून म्हणाले, "सर, तुमी मराठीचं हायसा. त्या वर्कशॉपवाल्याला एक पत्र लिवून द्या."

मी एक खोके फोडून कागद काढला. तावातावाने पहिलेच वाक्य नुकसानभरपाईचे लिहिले. मामांनी ते वाचायला लावले आणि मान हलवली.

"पैशाचं नगं. काम तर त्येनी केलंय. फकस्त, आधी पायपी बगायला पायजे होती, एवढंच लिवा. म्होरल्या माणसाला तरी बगतील."

तसे लिहून दिले. त्यांनी खाली सही केली, तुकडा पत्रातच गुंडाळला आणि रात्रीच वाशीकडे निघून गेले. उत्तर आले नाही. पाटल्या सोडवायला त्यांना पुढची दोन वर्षे लागली. हळद घेऊन जाताना एकदा त्यांनी फोनवर सांगितले.