गूगल शीट डिलीट झाली? परत आणायची कशी आणि कायमची घालवायची कशी

मागच्या सप्टेंबरमधली गोष्ट. नागपुरात आमच्याच बिल्डिंगमधल्या एक काकू रात्री साडेनऊला दारात उभ्या. त्या सोसायटीच्या खजिनदार, निवृत्त शिक्षिका. "अरे, हिशेबाची शीटच दिसून नाही राहिली. रविवारी सभा आहे, मी काय दाखवू लोकांना?"

महाराष्ट्रात आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपलं की सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत, सोसायटीची वार्षिक सभा घ्यावी लागते. वर्षभराचा मेंटेनन्स, लिफ्टची दुरुस्ती, टँकरचे पैसे, सगळं त्या एका गूगल शीटमध्ये होतं. "काकूंनीच उडवली असेल" अशी कुजबुज ग्रुपवर सुरूही झाली होती.

मी काकूंच्या फोनवर ड्राइव्ह उघडून ट्रॅश बघितला. रिकामा! इथे बरेच जण आशा सोडतात. पण खरी गंमत इथेच आहे.

फाइल मालकाच्या ट्रॅशमध्ये जाते

गूगल ड्राइव्हमध्ये प्रत्येक फाइलला एक मालक असतो. ज्याच्या जीमेल अकाउंटवरून ती बनली, तो मालक. रोज एंट्री करणारा माणूस मालक असेलच असं नाही. मालकाने फाइल डिलीट केली की ती त्याच्या ट्रॅशमध्ये जाते, तुमच्या नाही. उलट, तुमच्याशी फक्त शेअर केलेली फाइल तुम्ही काढून टाकली, तर ती फक्त तुमच्या यादीतून जाते, बाकीच्यांकडे तशीच राहते.

आणखी एक कामाची गोष्ट: मालकाच्या ट्रॅशमध्ये असलेली फाइल कायमची पुसली जाईपर्यंत शेअर केलेल्या लोकांना लिंकवरून उघडता येते.

मग मी सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मागे मागे जाऊन जुनी लिंक शोधली. शीट उघडली! वर सूचना होती की फाइल मालकाच्या ट्रॅशमध्ये आहे. आधी 'मेक अ कॉपी' केलं आणि मग काकूंना विचारलं, "ही बनवून कोणी दिली होती?" उत्तर आलं, "मुलाने, पुण्याहून."

मुलाला फोन लावला. त्याचं जीमेल भरलं होतं. गूगलची फुकट मिळणारी १५ जीबी जागा जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो या तिघांत मिळून असते. जागा करायला त्याने जुन्या फाइल उडवल्या, त्यात आईची शीटही गेली. ट्रॅशमध्ये तारीख बघितली तर २६ दिवस झाले होते. म्हणजे चारच दिवस उरले होते!

३० दिवसांचा हिशेब

पूर्वी ड्राइव्हच्या ट्रॅशमधली फाइल आपण स्वतः काढेपर्यंत तिथेच पडून राहायची. १३ ऑक्टोबर २०२० पासून गूगलने नियम बदलला. आता ३० दिवसांनी ती आपोआप कायमची जाते. परत आणायची असेल तर:

१. मालकाच्या अकाउंटने ड्राइव्ह उघडा. मोबाइलवर डाव्या कोपऱ्यातल्या तीन रेघांवर टॅप करा.
२. 'ट्रॅश' किंवा 'बिन' उघडा.
३. फाइलवर राइट क्लिक करून किंवा तीन टिंबांवरून 'रिस्टोअर' निवडा. फाइल शक्यतो जुन्या जागीच परत येते.

ट्रॅशही रिकामा झाला असेल तर? ऑफिस किंवा कॉलेजचं गूगल वर्कस्पेस अकाउंट असेल, तर ट्रॅशमधून गेल्यावरही २५ दिवसांपर्यंत ॲडमिन फाइल परत आणू शकतो. म्हणून लाजू नका, लगेच आयटीवाल्याला गाठा. साध्या जीमेलवर गूगलच्या मदत पानावरून विनंती करता येते, पण खात्री नाही. मायक्रोसॉफ्टचं वनड्राइव्ह वापरत असाल, तर घरगुती अकाउंटच्या रिसायकल बिनला ३० दिवस आणि ऑफिसच्या अकाउंटला साधारण ९३ दिवस मिळतात.

आणि फाइल जागेवरच आहे, फक्त आतला एखादा टॅब किंवा आकडे उडालेत? मग ट्रॅशमध्ये काही सापडणार नाही. फाइल मेनूमध्ये 'व्हर्जन हिस्टरी' उघडा. कोणी, कधी, काय बदललं ते तारखेसकट दिसतं आणि जुनी आवृत्ती परत आणता येते.

आता उलटा प्रश्न: कायमचं पुसायचं कसं?

शीट परत आल्यावर मी ती नीट बघितली आणि दचकलोच. एका कॉलममध्ये सगळ्या भाडेकरूंचे आधार नंबर होते! आणि ही लिंक अख्ख्या ग्रुपवर फिरत होती. काकू म्हणाल्या, "कॉलम डिलीट करून टाक ना मग."

तेवढ्याने भागत नाही. आताच सांगितलेली व्हर्जन हिस्टरी इथे उलटी पडते. ज्यांच्याकडे एडिटचा हक्क आहे, ते सगळे जुनी आवृत्ती उघडून तो कॉलम बघू शकतात. म्हणून आम्ही असं केलं:

१. नको असलेला कॉलम काढला.
२. त्या फाइलची नवी कॉपी केली. कॉपीमध्ये जुनी हिस्टरी येत नाही.
३. बेरजा जुळतात का ते तपासलं.
४. जुन्या फाइलचं शेअरिंग बंद केलं, मग ती ट्रॅशमध्ये टाकली.
५. ट्रॅशमध्ये जाऊन 'डिलीट फॉरएव्हर' केलं. सुरुवातीला मी बनवलेली कॉपीही अशीच घालवली.

ट्रॅशमध्ये असेपर्यंत फाइल जागाही खाते आणि लिंकवाल्यांना दिसूही शकते, म्हणून पाचवी पायरी विसरू नका. आणि एक खरं सांगतो: कोणी आधीच डाउनलोड केली असेल किंवा स्क्रीनशॉट काढला असेल, तर तो आपल्या हातात नाही. म्हणून आधार नंबर अशा शीटमध्ये लिहूच नका.

आजच करून ठेवा

- महत्त्वाच्या शीटचा मालक कोण आहे ते बघा. फाइलवर 'डिटेल्स' उघडलं की नाव दिसतं.
- काम करणारा आणि मालक वेगळे असतील, तर 'शेअर'मध्ये जाऊन मालकी त्यांच्या नावावर करा. समोरच्याने मेलवर होकार दिला की बदल होतो.
- महिन्यातून एकदा एक्सेल स्वरूपात डाउनलोड करून पेनड्राइव्हवर ठेवा. क्लाउड म्हणजे बॅकअप नव्हे. नोव्हेंबर २०२३ मध्ये ड्राइव्हच्या कॉम्प्युटर ॲपच्या एका आवृत्तीत गडबड होऊन काही लोकांच्या फाइल दिसेनाशा झाल्या आणि गूगलला त्यासाठी वेगळी सोय द्यावी लागली.

रविवारी सभा झाली. काकूंनी हिशेब वाचला, टँकरच्या बिलावर नेहमीसारखा वाद झाला आणि शेवटी हिशेब मंजूर झाला. शीट आता काकूंच्या नावावर आहे. आणि मुलाला सक्त ताकीद आहे: जागा करायची असेल तर आधी फोनमधले 'गुड मॉर्निंग'वाले व्हिडिओ उडव!