विश्लेषण : गोष्टीतले स्वमग्न मूल नेहमी गणितातच हुशार का असते?

ॲडी ११ वर्षांची आहे. शार्क माशांविषयी विचाराल ते सांगेल, पण अक्षर वाईट. गोष्टीच्या सुरुवातीलाच बाई तिने लिहिलेला कागद वर्गात फाडतात. एल मॅकनिकल यांच्या ‘अ काइंड ऑफ स्पार्क’ (२०२०) या इंग्रजी कादंबरीची ही नायिका स्वमग्न, म्हणजे ऑटिस्टिक आहे. लेखिकाही स्वमग्न आहेत.

लेखिका कोण, याने काय फरक पडतो?

याआधीचे सर्वात गाजलेले उदाहरण पाहा. मार्क हॅडन यांची ‘द क्युरिअस इन्सिडेंट ऑफ द डॉग इन द नाइट-टाइम’ २००३ मध्ये मुलांसाठी आणि मोठ्यांसाठी अशा दोन आवृत्त्यांत आली. १५ वर्षांचा ख्रिस्तोफर शेजारच्या कुत्र्याला कोणी मारले याचा तपास करतो. प्रकरणांनाही तो २, ३, ५, ७ असे मूळ संख्यांचे क्रमांक देतो. त्याच्या निदानाचे नाव गोष्टीत कुठेच नाही. तरी पुस्तक स्वमग्नतेची माहितीपुस्तिका असल्यासारखे वाचले गेले. आपण या विषयाचे तज्ज्ञ नाही, हे हॅडन यांना पुढे स्पष्ट करावे लागले. शिवॉन डाउड यांच्या ‘द लंडन आय मिस्टरी’तला (२००७) टेडही हरवलेल्या मावसभावाचा माग तर्कानेच काढतो.

दोन्ही पुस्तके हातातून सुटत नाहीत. पण त्यातून साचा पक्का झाला : स्वमग्न मूल म्हणजे मुलगा, आकडे आणि कोरडा तर्क. प्रत्यक्षात सगळीच स्वमग्न मुले गणितात हुशार नसतात. ‘मग याला विशेष काय येते?’ हा पाहुण्यांचा प्रश्न अशा अनेक घरांना ओळखीचा असेल.

ॲडीचे उलटे आहे. तिला फार जाणवते. तिच्या स्कॉटिश गावात पूर्वी चेटकीण ठरवून बायकांना मारले गेले. त्यांचे स्मारक व्हावे म्हणून ती गावाशी भांडते. (‘स्वमग्न’, म्हणजे स्वतःत बुडालेला, हा आपला शब्द इथे तोकडाच पडतो.) तिची मोठी बहीण कीडीही स्वमग्न आहे. विद्यापीठात ती दिवसभर ‘इतरांसारखी’ वागते आणि थकून जाते. या लपवाछपवीला ‘मास्किंग’ म्हणतात. बाहेरून पाहणाऱ्याला ते दिसत नाही, आतून जगलेल्याला लिहिता येते.

२०२१ मध्ये या कादंबरीला वॉटरस्टोन्सचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. २०२३ मध्ये बीबीसीने मालिका केली, तेव्हा या बहिणींच्या भूमिकांसाठी मेंदूची घडण वेगळी असलेल्या अभिनेत्रीच निवडण्यात आल्या.