तबकडीतला खरा षड्ज

तबकडी हातात आली की गुरुजी ती पहिल्यांदा दिव्याखाली तिरकी धरतात. काळ्या पृष्ठभागावरून उजेड सरकत जातो आणि चरा, केसाएवढा तडा, बुरशीचा पांढुरका डाग, एकाच ओळीवर हजार वेळा सुई फिरून आलेली राखाडी झाक असं एकेक दिसू लागतं. कवठे महांकाळमधल्या त्यांच्या घराच्या मागच्या खोलीत एक टेबल, एक फिरकी, एक संगणक आणि भिंतीला लागून उभ्या मांडणीत लावलेल्या तबकड्या, एवढाच पसारा. शाळेतून निवृत्त झाल्यापासून त्यांचं हेच काम. जुन्या, मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या ध्वनिमुद्रिका जमवायच्या, धुवायच्या, नीट वाजवायच्या आणि त्यातला आवाज संगणकात उतरवून घ्यायचा. ऐकायला सोपं वाटतं. त्यातला ‘नीट’ हा शब्द मात्र फार मेहनत मागतो.

गाव कोरडं, तेवढं या कामाला बरं. कोकणातल्या दमट घरात तबकडीवर बुरशी धरते, इथे ती कमी. इथले वैरी दोन. एक उन्हाळा, ज्यात उन्हात ठेवलेली तबकडी वाकते. दुसरी धूळ. द्राक्षांचा हंगाम संपून शिवारात बेदाण्याची शेडं भरली की रस्त्यावरून ट्रॅक्टर सुरू होतात आणि खोलीतल्या प्रत्येक वस्तूवर मातीचा थर बसतो. त्या दिवसांत गुरुजी खिडकी बंद ठेवून, पंखाही न लावता काम करतात.

तबकडी बनलेली असते लाखेची. झाडाच्या फांदीवर लाखेचा किडा जे चिकट आवरण तयार करतो, ते शुद्ध करून त्यात दगडाची बारीक भुकटी, काजळी आणि कापसाचा भुसा मिसळला जाई. ही भुकटी मुद्दाम घातलेली. पोलादी सुई तिच्यावर घासून लगेच ओळीच्या आकाराची व्हावी, हा हेतू. म्हणून तर जुन्या फोनोवर प्रत्येक बाजूला नवी सुई लावायची शिस्त होती. खेडोपाडी ती पाळली गेली नाही. एकाच सुईवर अख्खी लग्नसराई निघाली आणि त्या सुईनं गाणं खरवडून काढलं. तबकडीवर आज जी राखाडी झाक दिसते, ती तिथून आलेली.

धुण्याचा नियम गुरुजी येणाऱ्या प्रत्येकाला दोनदा सांगतात: स्पिरिट लावायचं नाही. लाख स्पिरिटमध्ये विरघळते. जुनी तबकडी चकचकीत करायला म्हणून कुणी सॅनिटायझर फिरवला की गाणं त्या फडक्यावर उतरतं. शुद्ध पाणी, त्यात सौम्य साबणाचा थेंब, मऊ ब्रश, ओळींच्या दिशेनं हात, मधल्या कागदी लेबलाला पाणी लागू न देणं आणि सावलीत वाळवणं. बस्स.

आज मांडणीतून निघालेली तबकडी उस्ताद अब्दुल करीम खाँ यांची आहे, झिंझोटीतली ठुमरी. कवठे महांकाळहून मिरज तासाभराच्या अंतरावर. खाँसाहेबांचा जन्म १८७२ सालचा, उत्तरेत कैराण्याचा, पण त्यांनी घर केलं मिरजेला. २७ ऑक्टोबर १९३७ रोजी मद्रासहून पाँडिचेरीला जाताना वाटेत सिंगापेरुमाल कोईल स्टेशनवर त्यांनी देह ठेवला आणि त्यांना आणून विसावा दिला तो मिरजेच्या मीरासाहेब दर्ग्याच्या आवारात. तिथे त्यांच्या नावाची संगीतसभा दरवर्षी भरते. त्यांची मुलगी हिराबाई बडोदेकर १९०५ मध्ये मिरजेतच जन्मली. सतार-तंबोऱ्यांसाठी देशभर ओळखल्या जाणाऱ्या या गावाला २०२४ मध्ये त्या वाद्यांसाठी भौगोलिक मानांकनही मिळालं. पण या मातीतून उठलेला सगळ्यात दूर गेलेला आवाज लाखेच्या तबकडीतून गेला. खाँसाहेबांच्या याच झिंझोटीची तबकडी ऐकून गदगचा अकरा वर्षांचा भीमसेन जोशी १९३३ मध्ये गुरूच्या शोधात घरातून निघून गेला आणि पुढे खाँसाहेबांचेच शिष्य सवाई गंधर्व यांच्याकडे शिकला. साडेतीन मिनिटांच्या आत संपणाऱ्या गाण्यानं केलेलं हे काम आहे.

ती साडेतीन मिनिटं कुठून आली? दहा इंची तबकडीच्या एका बाजूला तेवढीच ओळ मावते, दुसरं कारण नाही. आणि ही पद्धत आपल्याकडे आणणारा माणूस जगाच्या ऑपेरातूनच आला होता. ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गाइसबर्ग. त्यानं ११ एप्रिल १९०२ रोजी इटलीतल्या मिलान शहरात एका हॉटेलच्या खोलीत एन्रिको कारुसो या तरुण गायकाची दहा पदं शंभर पौंडांत नोंदवली. ऑपेराच्या ध्वनिमुद्रणाचा इतिहास सांगणारे तिथूनच सुरुवात करतात. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात गाइसबर्ग कलकत्त्यात होता आणि त्याच्या कर्ण्यासमोर गौहरजान गात होती. मेणाच्या मूळ तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला जात आणि तिथून छापून येत. तिथल्या कारागिरांना कुणाचं गाणं कुठलं, हे कळावं म्हणून गाणं संपलं की कलावंत आपलं नाव मोठ्यानं सांगत. गौहरजानचं ते इंग्रजीतलं नाव सांगणं आजही ऐकू येतं. भारतात तबकड्या छापणं सुरू झालं ते १९०८ मध्ये, कलकत्त्याच्या सियालदाहला.

त्या काळी मायक्रोफोन नव्हता. गायक कर्ण्यात तोंड घालून गात असे, आणि कर्ण्याच्या टोकाचा पडदा थरथरून सुई मेणात ओळ कोरी. विजेवरचं मुद्रण जगात १९२५ पासून आलं. खाँसाहेबांच्या पहिल्या तबकड्या कर्ण्याच्या काळातल्या आहेत; १९३०च्या दशकात ओडियन कंपनीसाठी गायलेल्या मायक्रोफोनवरच्या. दोन्ही एकापाठोपाठ ऐकल्या की आवाजात झालेला बदल किती माणसाचा आणि किती यंत्राचा, हा प्रश्न पडतोच. कर्ण्याला मृदू आवाज पकडता येत नसे. खाँसाहेबांचं तर सगळं सामर्थ्य मृदूपणात. म्हणून गुरुजींच्या मते खरे खाँसाहेब ओडियनच्या तबकड्यांतच भेटतात. हे मत मान्य करायला हरकत नसावी.

तबकडी वाळली. आता सुई. ७८ फेऱ्यांच्या तबकडीची ओळ रुंद असते, तिला एलपीच्या सुईच्या साधारण तिप्पट जाड टोक लागतं. एलपीची बारीक सुई लावली तर ती ओळीच्या तळाशी जाऊन तिथला कचरा वाजवत बसते, खरं गाणं राहतं वर भिंतींवर. गुरुजींकडे वेगवेगळ्या जाडीची टोकं आहेत. एकच तबकडी ते तीन टोकांनी थोडी थोडी वाजवून पाहतात, कारण जुन्या पोलादी सुईनं भिंतीचा एक पट्टा झिजवला असेल, तर थोडं जाड किंवा थोडं बारीक टोक त्याच्या वरच्या किंवा खालच्या, न झिजलेल्या भागावर टेकतं. टोक बदललं आणि खरखरीच्या मागे गेलेला आवाज एकदम समोर आला, असं इथे बसून प्रत्यक्ष ऐकता येतं.

मग सुरू होतो खरा खोळंबा. फिरकी फिरते, सुई टेकते, आणि गुरुजी कान लावण्याऐवजी सुईची दांडी पाहतात. दांडी आतल्या दिशेनं सरळ सरकायला हवी. ती प्रत्येक फेऱ्याला जराशी डावी-उजवी डुलतेय. म्हणजे तबकडीचं भोक बरोबर मध्यावर नाही. छापतानाच ते सरकलेलं असतं, जुन्या तबकड्यांत हे वरचेवर. एक मिलिमीटर सरकलं असेल तर काय होतं, याचं गणित गुरुजींनी वहीत करून ठेवलंय. बाहेरच्या ओळींत, केंद्रापासून दहा सेंटिमीटरवर, स्वर प्रत्येक फेऱ्याला एक टक्का वर आणि एक टक्का खाली जातो. आतल्या ओळींत, पाच सेंटिमीटरवर, दोन टक्के. आणि आपल्या संगीतातली सर्वांत लहान श्रुती, म्हणजे स्वरांमधलं सूक्ष्म अंतर, ८१ला ८० हे प्रमाण, सव्वा टक्क्याची. म्हणजे गाणं संपत येताना भोकाची चूक श्रुतीपेक्षा मोठी झालेली असते.

हा हिशेब खाँसाहेबांच्या बाबतीत फार महत्त्वाचा आहे. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी बावीस श्रुतींची मोजमापं केली, १९१० मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं; ई. क्लेमेंट्स या इंग्रज न्यायाधीशासोबत त्यांनी श्रुतींची हार्मोनियमही बनवून घेतली. या प्रयोगांत गळा होता अब्दुल करीम खाँचा. ज्याचा स्वर मोजपट्टी म्हणून वापरला गेला, त्याची तबकडी डुलत वाजवायची आणि ‘स्वर जरा हलतोय’ म्हणायचं, याला अन्यायच म्हणावं लागेल.

उपाय साधा, पण चिकाटीचा. फिरकीची मधली खुंटी गुरुजींनी काढून टाकलीय. तबकडी नुसती ठेवायची, बोटाच्या टोकानं केसभर ढकलायची, सुई टेकवून दांडी पाहायची, पुन्हा उचलायची, पुन्हा ढकलायची. दांडी स्थिर झाली की कानाला लगेच कळतं. लांबवलेला गंधार, जो मघापासून झोपाळ्यावर बसल्यासारखा होता, तो उभा राहतो.

आता वेग. ७८ हा आकडा पुढे रूढ झाला. सुरुवातीच्या तबकड्या ७० ते ८० फेऱ्यांच्या मध्ये कुठेही नोंदवलेल्या असत. ७४ची तबकडी ७८वर वाजवली तर सगळं गाणं जवळपास एक पट्टी वर चढतं. स्वरांमधली अंतरं तशीच राहतात, त्यामुळे राग बिघडत नाही, बिघडतो माणूस. गळा कोवळा होतो, तान घाईची होते, भारदस्त गायक पोरसवदा वाटतो. किती रसिकांनी किती गायकांबद्दल असं चुकीचं मत करून घेतलं असेल!

फिरकीचा वेग तपासायला गुरुजी कागदाची गोल चकती वापरतात. तिच्या कडेला ७७ रेघा आहेत. आपली वीज सेकंदाला पन्नास आवर्तनांची, तिच्यावरचा लहान नियॉनचा दिवा सेकंदाला शंभरदा चमकतो, आणि फिरकी ७७.९२ फेऱ्यांवर असली की त्या रेघा जागच्या जागी थांबल्यासारख्या दिसतात. हा झाला यंत्राचा वेग. गायकाचा वेग त्याहून वेगळा असू शकतो, आणि तो शोधायला पेटी लागते. तबकडीत साथीला हार्मोनियम किंवा ऑर्गन असेल तर षड्ज कुठल्या तरी पट्टीवर यायलाच हवा. तो काळी एक आणि पांढरी दोन यांच्या मधोमध आला, तर वेग चुकलाय. जुन्या पेट्यांच्या सुरांची जुळणी आजच्यापेक्षा थोडी वेगळी असे, त्यामुळे शेवटचा निर्णय कानाचा. गुरुजी दोन-तीन वेग वहीत लिहितात, प्रत्येकापुढे कारण लिहितात आणि निवडलेल्या वेगाखाली रेघ ओढतात. उद्या कुणाला पटलं नाही तर त्याला मागे जाता यावं, म्हणून.

संगणकाचं काम नातीकडे. ती इंजिनिअरिंगला आहे, सुट्टीत येते. स्टीरिओ सुई ओळीच्या दोन्ही भिंती वेगवेगळ्या वाचते; दोन्ही एकत्र केल्या की उभी खरखर बरीच कटते, आणि एक भिंत फारच खराब असेल तर दुसरीच ठेवता येते. मूळ नोंद ९६ किलोहर्ट्झ, २४ बिटांवर घेतली जाते आणि तिला पुढे कुणी हात लावत नाही. साफसफाई फक्त प्रतीवर.

“आजोबा, अजून थोडी खरखर काढू?”

“नको गं, त्यात तंबोरा आहे.”

हे शब्दशः खरं आहे. खरखर आणि तंबोऱ्याचा झंकार वरच्या पट्ट्यात शेजारी राहतात. श्वास, ‘स’कार, तबल्याच्या चाटीची धारही तिथेच. सफाईचं बटण जास्त दाबलं की आवाज गुळगुळीत होतो आणि गायक बंद दाराआड गेल्यासारखा वाटतो. बाजारात मिळणाऱ्या कितीतरी ‘स्वच्छ’ केलेल्या जुन्या गाण्यांचं हेच झालंय. त्यापेक्षा खरखरीची, पण हात न लावलेली नोंद लाख पटीनं मोलाची, हे निःशंकपणे म्हणायला हवं.

मांडणीतल्या निम्म्याहून अधिक तबकड्या नाट्यपदांच्या आहेत, आणि ते स्वाभाविक. विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये सांगलीत ‘सीतास्वयंवर’ उभं केलं; बालगंधर्वांचा जन्म १८८८ मध्ये याच जिल्ह्यातल्या नागठाण्याचा; मास्टर दीनानाथांचं बिऱ्हाडही सांगलीत होतं. आपलं संगीत नाटक हाच आपला ऑपेरा. न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन ऑपेरातला लायनेल मेपलसन नावाचा ग्रंथपाल १९०१ ते १९०३ दरम्यान मेणाच्या नळकांड्यांवर चालू प्रयोगातले तुकडे नोंदवून ठेवत होता. अंधुक, खरखरीत, मधेच तुटणारे, पण त्यात प्रेक्षागृह आहे. बालगंधर्वांच्या तबकडीत मात्र वन्समोअर नाही. पाच-सहा वेळा परत घेतलेलं पद, दर वेळी नव्यानं फुटणारी जागा, थिरकवाँचा तबला आणि कादरबक्षांची सारंगी ऐकत बसलेली रात्र यांतलं काहीच त्या तीन मिनिटांत मावलं नाही. आणि अल्लादिया खाँसाहेबांनी तर ध्वनिमुद्रण करूच दिलं नाही. त्यांचं गाणं शिष्यांच्या गळ्यात शोधावं लागतं. त्यांच्या शिष्या केसरबाई केरकर यांची भैरवी १९७७ पासून व्हॉयेजर यानातून अंतराळात चाललीय.

जे मावलं, ते तरी राखायला हवं. मुंबईत १९९० मध्ये सुरू झालेली सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स हे काम चिकाटीनं करत आलीय. तिचे सुरेश चांदवणकर यांनी यावर भरपूर लिहिलंय. पण तबकड्या अजून गावोगावच्या माळ्यांवर आहेत आणि भंगारात जाताहेत. कायद्याचीही अडचण नाही: आपल्याकडे ध्वनिमुद्रणाचा हक्क ते प्रसिद्ध झाल्याच्या पुढच्या वर्षापासून साठ वर्षं टिकतो, म्हणजे अब्दुल करीम खाँसाहेबांच्या तबकड्यांवरचा हक्क कधीच संपलाय.

तेव्हा वाचकांना विनंती. आजोळच्या माळ्यावर, वाड्याच्या कोठीत काळ्या तबकड्या असतील तर त्या आडव्या रचू नका, पुस्तकांसारख्या उभ्या ठेवा. उन्हापासून लांब ठेवा. हौस म्हणून जुन्या फोनोवर पोलादी सुईनं वाजवू नका. लेबलाचा आणि लेबलाजवळ कोरलेल्या क्रमांकाचा फोटो काढा, कारण त्या क्रमांकावरूनच मुद्रण कधीचं, ते शोधता येतं. तुटलेली तबकडीही टाकू नका. तुकडे जुळवून ती वाजवता येते. आणि भंगारवाला दारात आला तर त्याला द्यायच्या आधी जाणत्या माणसाला एक फोन करा.