हाताला लागेल अशा उंचीवर

मुठा खोऱ्यात भातलावणीचे दिवस मुलांना फार लांब वाटतात. घरची मोठी माणसं खाचरात, बाहेर धो धो पाऊस. मूल आपणहून पुस्तक उचलेल अशी वेळ हीच. पण ते त्याच्या हाताला लागेल अशा उंचीवर हवं. कुलूपबंद कपाटातलं पुस्तक शोभेचंच.

खर्च करावाच लागतो असं नाही. बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतं आणि त्याचे जुने अंक संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येतात. 'प्रथम बुक्स'च्या 'स्टोरीवीव्हर'वरही २०१५ पासून गोष्टी मोफत मिळतात. तिथल्या मराठी गोष्टी वाचनपातळीनुसार लावलेल्या आहेत. पहिल्या पातळीत चित्र मोठं, शब्द मोजके. माधुरी पुरंदरे यांची पुस्तकं मात्र छापीलच घ्यावीत, असं मला मनापासून वाटतं. त्यातल्या चित्रांपाशी मुलं पुन्हा पुन्हा परततात.

तेच पुस्तक दहाव्यांदा मागितलं तरी द्यावं. ओळखीच्या शब्दांवर डोळा सरावतो, वेग त्यातूनच येतो. अडलेला शब्द सांगावा आणि बाजूला व्हावं. वाचून झाल्यावर तात्पर्य तर मुळीच विचारू नये!

उन्हाळ्याच्या सुट्टीत जमलं तर महाबळेश्वर तालुक्यातल्या भिलारला मुलांना घेऊन जा. स्ट्रॉबेरी पिकवणारं हे गाव ४ मे २०१७ रोजी 'पुस्तकांचं गाव' झालं. तिथं गावकऱ्यांच्या घराघरांत पुस्तकं मांडलेली आहेत, बालसाहित्याचीसुद्धा. हवं ते घ्यावं, ओसरीवर बसून वाचावं. वाचायला पैसे पडत नाहीत.