बाबांची सायकल आणि लक्ष्मीबाईंची लेखणी

पुसदहून बोलतेय. ज्यांना ऐकायला वेळ मिळत नाही, त्यांच्यासाठी आजचा भाग नेहमीसारखा लिहूनही देतेय.

आजचा विषय घरचाच आहे. बाबांनी आयुष्यभर पाळक म्हणून सेवा केली. सायकलवर शेंबाळपिंपरीकडची गावं, तांडे, शेतावरच्या झोपड्या, सगळीकडे ते जायचे. आता त्यांच्या आठवणीत मंडळीला एक पुस्तिका काढायची आहे, आणि लिहायचं काम माझ्याकडे आलंय. पहिला मसुदा लिहिला तर त्यात नुसती विशेषणं! 'प्रेमळ', 'त्यागी', 'प्रभूचे विश्वासू सेवक'. सगळं खरं होतं, पण ते कोणत्याही पाळकाबद्दल चाललं असतं. बाबा त्यात कुठेच नव्हते.

मग टिळकांचं घर आठवलं. उपासनेत आपण ज्यांची गीतं गातो, ते रेव्हरंड नारायण वामन टिळक. त्यांचा आणि आपल्या विदर्भाचा संबंध पुष्कळांना ठाऊक नसतो. ते नागपुरात राहत होते. तिथून राजनांदगावला जाताना रेल्वेत एका युरोपीय प्रवाशाने त्यांना नव्या कराराची प्रत दिली, आणि तिथून त्यांचा शोध सुरू झाला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे अहमदनगर, 'ज्ञानोदय'च्या मराठी विभागाचं संपादन, शंभरावर गीतं. १९१७ मध्ये मिशनची पगारी नोकरी सोडून त्यांनी 'देवाचा दरबार' सुरू केला. ९ मे १९१९ रोजी ते वारले.

एवढ्या मोठ्या माणसाचा मान मुलाने कसा राखला? देवदत्त टिळकांना वडिलांचं चरित्र लिहायचं होतं. त्यासाठी त्यांनी आईकडे आठवणी मागितल्या. लक्ष्मीबाईंचं शाळेतलं शिक्षण नव्हतं. त्या लिहू लागल्या आणि त्यातून 'स्मृतिचित्रे' झालं. १९३४ पासून ते चार भागांत आलं. वडिलांच्या चरित्रासाठी म्हणून सुरू झालेलं लिखाण आईचं आत्मचरित्र ठरलं, आणि मराठीतलं एक थोर पुस्तकही.

त्यातले टिळक देव्हाऱ्यातले नाहीत. ते चिडतात, न सांगता घर सोडून जातात, हातातला पैसा वाटून टाकतात. बाप्तिस्म्यानंतर नवरा-बायकोची काही वर्षं ताटातूटही झाली. पुढे १९०० मध्ये लक्ष्मीबाईंनी स्वतः बाप्तिस्मा घेतला. हे सगळं त्यांनी हसत-रडत लिहिलंय. त्याने टिळक लहान झाले का? नाही. उलट अशा माणसाने एवढं काम केलं, यावर आपला विश्वास बसतो.

शिवाय सेवेची किंमत फक्त सेवक मोजत नाही, त्याच्या घरचेही मोजतात. टिळकांचं 'ख्रिस्तायन' अपुरं राहिलं, जेमतेम साडेदहा अध्याय. लक्ष्मीबाईंनी त्यात चौसष्ट अध्यायांची भर घातली. १९३६ मध्ये त्या गेल्या आणि १९३८ मध्ये ग्रंथ छापला गेला. आता सांगा, ती सेवा एकट्या टिळकांची होती का?

हे डोक्यात ठेवून मी आईसमोर मोबाइल ठेवला. विचारलं, "बाबा कसे होते गं?" ती म्हणाली, "चांगले होते." दोन मिनिटांत रेकॉर्डिंग संपलं. दुसऱ्या दिवशी प्रश्न बदलला. "ती सायकल आपल्याकडे आली कशी?" मग आई चाळीस मिनिटं बोलली! सायकल हप्त्याने घेतलेली. एका पावसाळ्यात बाबांनी घरातली नवी गोधडी कुणाच्या बाळंतिणीला देऊन टाकली, आणि आम्ही पोरं आईच्या लुगड्यात झोपलो. "मी लय रागावले होते," आई म्हणाली. "अजूनही आहे थोडी."

मी थबकले. हे पुस्तिकेत घालायचं का? तिलाच विचारलं. ती म्हणाली, "लिहून टाक बाई. खरं आहे ते. आणि ती बाळंतीण जगली, हेही लिही."

तेव्हा मंडळी, तुमच्याही घरात असं कुणी असेल, पाळक, बायबलवाली बाई, मिशनच्या दवाखान्यातली नर्स, तर एवढं करा. 'कसे होते' असं विचारू नका. वस्तूबद्दल विचारा, सायकल, कंदील, पेटी. जे घरी मागे राहिले, त्यांना आधी विचारा. राग निघाला तर खोडू नका, पण छापण्याआधी सांगणाऱ्याची परवानगी घ्या. आणि उद्यावर टाकू नका. शाल-श्रीफळाला उशीर झाला तरी चालतो, आठवणींना चालत नाही.

आईबापांचा मान राखा, ही आज्ञा आपण लहानपणी पाठ केली. मला ती आता कुठे थोडी कळतेय. पुस्तिकेचं पहिलं पान बदललंय. आता तिथे बाबांच्या फोटोशेजारी आईचाही फोटो आहे.

भेटू पुढच्या भागात.